आईच्या ताटातलं मीठ कमी केलं, पाकिटातलं कोण मोजणार?

चाफेकळी | १४ जून, रात्री १०:२०

आई ६८ वर्षांची आहे. नऊ वर्षं बीपीची गोळी चालू आहे. एप्रिलमध्ये वरचा आकडा सारखा १५५-१६०च्या घरात यायला लागला. डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवण्याआधी दोन महिने मीठ कमी करून बघू.

आम्ही ते मनापासून केलं. ताटात मीठ वाढणं बंद, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर, आमटी-भाजीत निम्मं मीठ. बाबा आठवडाभर कुरकुरले, मग त्यांनाही सवय झाली. परवा तपासलं तर १५८/९२. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "मी चोरून काही खात नाही गं." तिला असं सांगावंसं वाटलं याचंच मला जास्त वाईट वाटलं.

काल सुट्टी होती. ती दिवसभरात जे जे पाकिटातलं खाते ते ओट्यावर मांडलं, स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला आणि पाठीमागचं बारीक अक्षर वाचत बसले. मागे 'मीठ' असा आकडा कुठेच नसतो, 'सोडियम' असतं, तेही मिलीग्रॅममध्ये. माझा हिशोब असा झाला: सकाळी ब्रेडचे दोन स्लाइस २७०, त्यावरचं खारं बटर ८०, पोह्यांवर मूठभर शेव १५०, जेवताना एक पापड २००, चार वाजता चहाबरोबर टोस्ट १२०, आणि रात्री 'हलकं' म्हणून पाकिटातलं सूप, एका वाटीला ६५०. एकूण १४७० मिग्रॅ. सोडियम. अडीचने गुणलं की मीठ मिळतं म्हणे, म्हणजे पावणेचार ग्रॅमच्या जवळ. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्वयंपाकातलं मीठ तर यात धरलेलंच नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा हिशोब बरोबर आहे का? आणि चार वाजता चहाबरोबर तिला काय देऊ? काहीतरी कुरकुरीत लागतंच तिला, आणि ते सुख मला काढून घ्यायचं नाहीये.

घाटवाट | १४ जून, रात्री १०:४१

सूप! आमच्याकडे आजारी माणसाला तेच देतात. आत्ता उठून पाकीट बघितलं. खरंच आहे.

आकडेमोड | १४ जून, रात्री ११:०५

हिशोब बरोबर आहे. मिठात वजनाच्या साधारण ४० टक्के सोडियम असतं. म्हणून २००० मिग्रॅ. सोडियम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, एक सपाट चहाचा चमचा. आपल्याकडच्या २०२०च्या लेबल नियमांतही दिवसाची मर्यादा हीच धरली आहे. पाकिटावर टक्केवारी दिसते ती याच २०००ची.

पण ती टक्केवारी 'एका वाढणी'ची असते आणि वाढणी किती ते कंपनी ठरवते. शेवेच्या पुड्यावर २० ग्रॅमची वाढणी लिहिलेली मी पाहिली आहे. वाटीत ओतून वजन करून बघा, आपण सहज ४० ग्रॅम घेतो. त्यामुळे टक्के सोडून द्यायचे आणि १०० ग्रॅमचा रकाना बघायचा, तुम्ही केलंत तसंच वजन करून.

स्वयंपाकातल्या मिठासाठी सोपी युक्ती आहे. नवा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहायची. एक किलो मीठ तीन माणसांत ६० दिवस गेलं, तर माणशी साडेपाच ग्रॅम झालं. लोणची घातली असतील तर तेवढं वजा करा.

नलूमावशी | १५ जून, सकाळी ७:१५

चाफेकळी, आईला साधं मीठ देऊच नकोस. आमच्याकडे तीन वर्षं फक्त सैंधव आहे. त्याने बीपी वाढत नाही. पूर्वी आपल्याकडे उपासाला तेच चालायचं, उगाच नाही.

आकडेमोड | १५ जून, सकाळी ८:३०

@नलूमावशी, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो, हे बरोबर नाही. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. रंग येतो तो किंचितशा लोहामुळे, इतर खनिजंही नावापुरतीच. आयोडीन मात्र त्यात घातलेलं नसतं, म्हणजे तिकडूनही तोटा. बीपीसाठी सैंधव आणि साधं मीठ यांत फरक धरू नये.

नलूमावशी | १५ जून, सकाळी ९:०२

अरे, पण आमच्या यांचं बीपी खरंच उतरलं.

दवाखाना_९ | १५ जून, सकाळी ९:४८

मावशी, काकांचं उतरलं असेल, नाही म्हणत नाही. सैंधवाचे खडे जाड असले की चमच्यात मीठ कमी बसतं. शिवाय माणूस सैंधव आणतो तेव्हा बाकीही सांभाळायला लागतो. तुम्ही त्याच सुमारास फरसाण बंद केलं होतं का, आठवून बघा.

मी सरकारी दवाखान्यात आहे, बीपीचे पेशंट रोज बघते. भारतात मोठ्या माणसाच्या पोटात सरासरी ८ ग्रॅमच्या आसपास मीठ जातं, असं २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत आलं होतं. पुरुष ८.९, बायका ७.१. आम्ही पेशंटला 'मीठ कमी करा' सांगतो आणि तो घरातल्या बरणीकडे बघतो. चूक आमचीही आहे. चहाबरोबर काय खाता, हे आम्ही विचारतच नाही.

बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमध्ये ६०० गावांत मोठा अभ्यास झाला, २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. पाव भाग पोटॅशियम क्लोराइड असलेलं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी आढळला. म्हणजे उपयोग आहे. पण ते स्वतःच्या मनाने सुरू करू नका. किडनी कमजोर असेल, किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर रक्तात पोटॅशियम वाढून जिवावर बेतू शकतं. आधी आपल्या डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवा.

उलट टोकही सांगते. लघवीची गोळी चालू असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं मीठ एकदम तोडू नये. सोडियम फार उतरलं की चक्कर येते, बोलणं असंबद्ध होतं, तोल जातो. असे पेशंट उन्हाळ्यात येतात.

चाफेकळी | १५ जून, दुपारी १:१०

धन्यवाद. आईला लघवीची गोळी नाही, दुसरी आहे. पुढच्या भेटीत विचारते. टोस्टच्या आधी ती बेकरीची सुटी खारी खायची, सकाळच्या चहाला अजूनही दोन खाते. ती मी हिशोबात धरलेली नाही, कारण तिच्यावर काही लिहिलेलंच नाही.

पळीवाढी | १५ जून, दुपारी ३:३७

सुट्या मालाचं हेच आहे. खारी, नानकटाई, गिऱ्हाइकासमोर कागदात बांधून दिलेलं फरसाण, कशावर काय वाचणार? खारीत थर सुटावेत म्हणून जे घट्ट मार्गरीन वापरतात त्यातही मीठ असतं, पिठात असतंच.

हॉटेलचं सांगतो, मी अकरा वर्षं किचनमध्ये काढली आहेत. पंजाबी भाजीत मीठ एकदा पडत नाही. सकाळी लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या मोठ्या पातेल्यात शिजतात, तेव्हा मीठ. पनीर किंवा चिकन मुरवताना मीठ. ऑर्डर आली की कढईत खारं बटर, मग चव बघून वरून चिमूट. टोमॅटो आंबट निघाला तर तोल साधायला साखर. आणि गोडाने खारटपणा जिभेला कमी जाणवतो, म्हणून पुन्हा मीठ. हे कुणी फसवायला करत नाही. गिऱ्हाईक 'फिकी आहे' म्हणून ताट परत पाठवतं, त्याला घाबरून करतात. त्यातली तेलाची पळी वेगळीच. ३० मिली. तेल म्हणजे अडीचशे कॅलरी, आणि तर्री दिसायला हवी तर एका पळीत भागत नाही.

चायनीजमध्ये सोया सॉस. एका मोठ्या चमच्यात ९०० मिग्रॅ. सोडियम. फ्राइड राइसच्या एका प्लेटला किती चमचे पडतात, ते तव्यापाशी उभं राहून बघा.

शेंगदाणा | १५ जून, दुपारी ४:०५

आणि अजिनोमोटो? खरा व्हिलन तोच ना?

आकडेमोड | १५ जून, दुपारी ४:२२

त्यात वजनाच्या १२ टक्के सोडियम, मिठात ४०. वापरतातही चिमूटभर. सोया सॉसपुढे तो लहान मासा आहे.

शेंगदाणा | १५ जून, दुपारी ४:३०

म्हणजे खाल्ल्या मिठाला जागायचं, तर आधी किती खाल्लं ते कळायला हवं :)

खानदेशकन्या | १५ जून, संध्याकाळी ६:१८

मला इथे थोडं वेगळं म्हणायचं आहे. सगळा दोष पाकिटाला देऊ नका. आमच्या घरी उन्हाळ्यात वाळवणं होतात. कुरडया, सांडगे, उडदाचे पापड, सगळं गच्चीवर. 'घरचंच आहे' म्हणून माझ्या सासूबाई दोन वेळा पापड खातात. पापडात मीठ असतं ते असतंच, वर पापडखार. पापडखार हासुद्धा सोडियमचाच क्षार, पण चवीला मिठासारखा खारट नाही, म्हणून मोजला जात नाही. ढोकळ्यातला सोडा तसाच. खाण्याच्या सोड्यात २७ टक्के सोडियम असतं, चहाच्या एका चमच्यात १२०० मिग्रॅ.च्या वर. घरच्या पापडावर लेबल चिकटवायला कोण येणार?

यंदा मी पीठ भिजवताना मीठ एक तृतीयांश कमी केलं, कुणाला न सांगता. अजून कुणी काही बोललेलं नाही.

घाटवाट | १५ जून, संध्याकाळी ६:४०

टिकले का पण? मीठ कमी केलं की पापडाला बुरशी धरते असं आजी म्हणायची.

खानदेशकन्या | १५ जून, संध्याकाळी ७:०१

कडकडीत वाळवले आणि डबा हवाबंद ठेवला. मागच्या पावसाळ्यात थोडे करून बघितले होते, ते टिकले. लोणच्यात मात्र मी हे धाडस करणार नाही. तिथे मीठच राखण करतं. लोणचं खायचंच तर बोटभर.

लेस्टरवासी | १६ जून, पहाटे २:१४

इथे इंग्लंडमध्ये बहुतेक पाकिटांवर पुढेच लाल, पिवळे, हिरवे ठिपके असतात. 'सोडियम' न लिहिता थेट 'मीठ इतके ग्रॅम' लिहितात, गुणाकार करावा लागत नाही. १०० ग्रॅमला दीड ग्रॅमच्या वर मीठ असलं की ठिपका लाल. सरकारने कंपन्यांना ब्रेड, सूप, सॉस अशा एकेका पदार्थाची उद्दिष्टं ठरवून दिली. ती ऐच्छिक होती, पण मागे लागून करून घेतली. दहा वर्षांत लोकांचं सरासरी मीठ साडेनऊ ग्रॅमवरून ८.१वर आलं. बहुतेकांना चवीतला बदल कळलाही नाही, कारण तो हळूहळू केला.

आई इथे आली होती तेव्हा तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण लाल ठिपका कळायचा. दुकानात लाल दिसला की पाकीट परत ठेवायची. भारतात हे का नाही?

आकडेमोड | १६ जून, सकाळी ८:५५

प्रयत्न चालू आहेत, पण रखडले आहेत. २०२२मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नाचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेने, पाकिटावर तारे देण्याचा मसुदा काढला. त्याला आक्षेप असा, की तारा म्हणजे शाबासकी. फळं-दाणे घातले की गुण वाढणार आणि खारट मालालाही दोन-तीन तारे मिळणार. चिलीमध्ये २०१६पासून काळ्या अष्टकोनात 'साखर जास्त', 'सोडियम जास्त' असं सरळ लिहितात. आपल्याकडे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२५मध्ये न्यायालयाने पुढच्या बाजूच्या इशाऱ्याबाबत निर्णय घ्यायला सांगितलं. माझं मत स्पष्ट आहे, इशाराच हवा, तारे नकोत.

आणि भाषेचं काय? नियमाप्रमाणे लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की पुरे. मराठी ऐच्छिक आहे. जाहिरात मराठीत, पाकिटाचं तोंड मराठीत, आणि मिठाचा आकडा मात्र मागे इंग्रजीत, सांध्यावर दुमडलेला. ज्या बाईला तो वाचायची सगळ्यात जास्त गरज आहे तिच्यापर्यंत तो पोचतच नाही. मला याचा मनापासून राग येतो.

घाटवाट | १६ जून, सकाळी ९:२०

साखरेचंही सांगून टाकतो, विषयांतर होतंय तरी. 'नो ॲडेड शुगर' लिहिलेल्या डब्यात माल्टोडेक्स्ट्रिन निघालं. साखर नाही हे खरं, पण रक्तात ग्लुकोज होऊन जायला त्याला वेळ लागत नाही. आता घटकांची यादीच वाचतो. जे सगळ्यात जास्त ते पहिलं लिहितात, हा नियम आहे. 'मल्टिग्रेन' बिस्किटात पहिलं नाव मैद्याचं असेल तर ते मैद्याचं बिस्कीट.

पळीवाढी | १६ जून, सकाळी ११:१२

तसंच 'फ्रोझन डेझर्ट'. आइस्क्रीममध्ये दुधाचा स्निग्धांश लागतो. डेझर्टमध्ये वनस्पती तेल चालतं. फ्रीजमध्ये दोन्ही शेजारी ठेवतात आणि चित्रंही सारखीच.

दवाखाना_९ | १६ जून, रात्री ९:३०

चाफेकळी, दिवसभर एक गोष्ट डोक्यात आहे. आईला ॲसिडिटी आहे का? पाण्यात टाकली की फसफसणारी पूड घेतात का त्या? तीही मुख्यतः सोडाच असते. एका पुडीतून ८०० मिग्रॅ.पर्यंत सोडियम जाऊ शकतं. पाण्यात विरघळणाऱ्या काही वेदनाशामक गोळ्यांतही बरंच असतं. खाण्याच्या यादीत हे कुणी लिहीत नाही, म्हणून विचारते.

चाफेकळी | १६ जून, रात्री ९:५२

घेते. रोज रात्री जेवणानंतर, कितीतरी वर्षं. "मी काही खात नाही" असं ती म्हणाली तेव्हा ते अगदी खरं होतं. ती पूड प्यायची. मी आत्ता तिच्या खोलीत जाऊन आले, उशाशी अख्खा खोका आहे.

नलूमावशी | १६ जून, रात्री १०:०३

अगं बाई. आमच्या यांच्याकडेही आहे तो खोका.

दवाखाना_९ | १६ जून, रात्री १०:१५

घाबरू नका. बंद करून डॉक्टरांना सांगा, ॲसिडिटीसाठी सोडियम नसलेली औषधं असतात. आणि रोज रात्री ॲसिडिटी का होते, हेही त्यांनी बघायला हवं.

चाफेकळी | ९ जुलै, रात्री ८:४०

अपडेट. पूड बंद, सूप बंद. त्याऐवजी लाल भोपळ्याचं किंवा मुगाचं कढण, मिरपूड आणि लिंबू पिळून. ब्रेडऐवजी भाकरी किंवा घावन. पापड रविवारी. डॉक्टरांनी ॲसिडिटीला वेगळी गोळी दिली, बीपीची आहे तीच ठेवली. काल १४२/८४. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर बघू, एका आकड्यावर जाऊ नका.

पहिले दहा दिवस आईला सगळं मातीसारखं लागत होतं, दोनदा ताटावरून उठली. मला रडू आलं. आता तीच म्हणते, परवा बारशाला वाढलेली भाजी खारट होती.

चार वाजताचा प्रश्न मात्र तसाच आहे. मुरमुरे दिले तर चालतील ना?

खानदेशकन्या | ९ जुलै, रात्री ९:०५

चव घेऊन बघ आधी. मुरमुरे भट्टीत फोडण्याआधी तांदळाला खारं पाणी लावतात, त्यामुळे नुसते खाल्ले तरी खारट लागतात. त्यापेक्षा ज्वारीच्या किंवा राजगिऱ्याच्या लाह्या बऱ्या. चमचाभर तेलावर कढीपत्ता, सुकं खोबरं, शेंगदाणे आणि तीळ परतायचे, वरून आमचूर आणि लाल तिखट. आंबट-तिखट असलं की मिठाची आठवण कमी येते.

पळीवाढी | ९ जुलै, रात्री ९:३३

फुटाणेही चालतील, पण खारे नकोत. आमच्या गल्लीतला भट्टीवाला हळद-मिठाचं पाणी लावून भाजतो. बिनमिठाचे हवे असतील तर आधी सांगून ठेवावं लागतं.

नलूमावशी | १० जुलै, सकाळी ७:२०

यांचा खोका मी दुकानात परत केला. मीठ सैंधवच ठेवलं आहे, पण पुड्यावर तारीख लिहिली आहे.

चाफेकळी | १३ जुलै, संध्याकाळी ५:१०

ज्वारीच्या लाह्या केल्या, आमचूर घालून. आईने वाटी संपवली आणि म्हणाली, खोबरं थोडं जास्त भाज पुढच्या वेळी. फुटाण्यांचं भट्टीवाल्याला सांगून आले आहे, गुरुवारी देतो म्हणाला.